गेम खेळ बिनधास्त, पण सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघ

गेल्या महिन्यात ताईकडं गेलो होतो विट्याला. जेवणं झाली, दाजी टीव्हीपुढं बसले आणि आतल्या खोलीतून भाच्याचा आवाज यायला लागला, "झाडामागं आहे झाडामागं, नॉक केलाय मी, स्मोक टाक, आत्ता रश नको, थांब की मर्दा, झोन येऊ दे." ताईनं माझ्याकडं असं बघितलं की जसा काय तो आवाज मीच काढतोय. म्हणाली, "बारावीला आहे, आणि म्हणतोय मला ह्यातच करिअर करायचंय. तू पण खेळायचास की तवा, आता तूच सांग त्याला." थोड्या वेळानं भाचा पाणी प्यायला बाहेर आला, तो हळूच म्हणाला, "मामा, आईला जरा समजावून सांग ना, तुला तर कळतं ह्यातलं." म्हणजे दोन्ही पार्ट्यांनी वकील एकच केला, आणि वकिलालाच माहीत नाही बाजू कुणाची घ्यायची.

विटा ते पुणे एसटीत विचार करायला टाईम भरपूर मिळतो. तर जे काय डोक्यात आलं ते लिहितोय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी माझी कुंडली. लहानपणी टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम, कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची आणि परत घालायची, मारिओ आणि कॉन्ट्रा. मग सांगलीत डिप्लोमाला असताना सायबर. कॉलेजच्या मागं एका गाळ्यात दहा मशीन, तासाला वीस रुपये, रात्री दहानंतर दहा रुपये, आणि दहाच्या दहा मशीनवर काऊंटर स्ट्राईक वन पॉईंट सिक्स. माऊसचा बॉल काढून आतल्या रोलरवरची घाण नखानं खरवडायची, हे आमचं वॉर्मअप. डस्ट टू च्या मॅपवर लाँगला टपून बसायचं, समोरच्या दरवाज्यातून कोण येतंय बघत, श्वास रोखून, आणि बरोबर त्याच टायमाला लोडशेडिंग. अख्ख्या गाळ्यात अंधार, एक सेकंद शांतता, आणि मग दहा पोरांच्या तोंडून एकच शिवी. मग मालक मेणबत्ती लावणार आणि त्या उजेडात आम्ही स्कोअर किती होता ह्यावर भांडणार. मी बरा खेळायचो, उगाच नाही सांगत, कॉलेजच्या फेस्टला आमची टीम दुसरी आली होती आणि त्यावर आम्ही सहा महिने कॉलर ताठ करून फिरलो. त्या सगळ्यातलं आज माझ्याकडं काय शिल्लक आहे? उजव्या मनगटाचं दुखणं आणि चार मित्र. मनगटाचं सोडा, मित्रांवर परत येतो.

आता ताईचा पहिला मुद्दा, "नुसता टाईम वाया घालवतोय". हा मुद्दा मला कधीच पटला नाही आणि आताही पटत नाही. दाजी आयपीएलची एक मॅच सोडत नाहीत. सीझनला ७४ मॅच, एक मॅच साडेतीन तास धरा, झाले जवळजवळ २६० तास, आणि त्यात दाजी करतात काय तर सोफ्यावर आडवे पडून हार्दिकला शिव्या घालतात. त्यावर घरात कधी मिटिंग बसली नाही. ताईच्या सिरीयल आहेत, माझं रात्री झोपताना दीड दीड तास रील्स खाली सरकवणं आहे. ह्या सगळ्यात पोरगं एकटं असं आहे जे काहीतरी करतंय तरी. त्याच्यामागं उभा राहून मी दोन मॅच बघितल्या. चौघांच्या टीमचा तो आयजीएल आहे, म्हणजे कॅप्टन म्हणा. शंभर जण उतरलेत, झोन म्हणजे खेळायची हद्द लहान होत चाललीये, गाडीत पेट्रोल किती, डोंगरापलीकडं दोन टीम एकमेकांशी भिडल्यात त्यांच्या आवाजावरून त्या कुठं आहेत, आत्ता मधी पडायचं का त्या एकमेकांना संपवेपर्यंत थांबायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात एकदम चालू आणि तोंडानं बाकीच्या तिघांना तीन-चार शब्दात सांगणं पण चालू. चार बोटांनी मोबाईल धरलाय, वरच्या दोन बोटांना काळी टोपडी घातलेत घामानं सरकू नये म्हणून, आणि नेम धरताना अख्खा फोन हातात हलवतोय कारण जायरो, म्हणजे फोन हलवला की नेम हलतो. एकानं चूक केली आणि मेला, तर हा ओरडला नाही. म्हणाला, "असू दे, पुढच्या मॅचला तू डावी बाजू घे." माझ्या ऑफिसात टीम लीडला हे जमत नाही राव.

आणि दुसरं म्हणजे हा खेळ त्या पोराला परवडला. हे आपण शहरात बसून विसरतो. क्रिकेटची अकॅडमी लावायची तर महिन्याची फी, किट, पॅड, लेदर बॉल, शनिवार-रविवार कोणीतरी गाडीनं सोडायला पाहिजे. गावात शाळेचं ग्राऊंड आहे पण पाचनंतर गेटला कुलूप. मोबाईल मात्र घरात होताच, लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन शाळेसाठी बारा-तेरा हजाराचा घेतलेला. फ्री फायर तर त्याहून स्वस्त, दोन जीबी रॅमच्या फोनवर सुद्धा पळायचा, म्हणून तर पोरं त्याला गरिबाचा पबजी म्हणायची. पीसी गेमिंग आपल्याकडं वीस वर्षं होतं, ते शहरातल्या सायबरच्या बाहेर फारसं गेलं नाही, आणि हे मोबाईलवालं दोन-तीन वर्षांत वाडीवस्तीवर पोचलं. ज्या पोराला आयुष्यात कुठल्याच टीमचं कॅप्टन कुणी केलं नसतं, ते पोरगं रोज रात्री कॅप्टन असतंय. ह्याला वाया म्हणायला जीभ रेटत नाही.

ताईचा दुसरा मुद्दा, "किती जण पोचतात वरपर्यंत?" हा मुद्दा आकड्यात खरा आहे. भाचा खेळतो तो बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतातला नवा अवतार. त्याच्या कोरियन कंपनीनं २०२२ मध्ये सांगितलं की रजिस्टर केलेले प्लेयर १० कोटीच्या वर गेलेत. मोठ्या स्पर्धेच्या फायनलला टीम असतात सोळा. सोळा चोक चौसष्ट. दहा कोटीतनं चौसष्ट. लॉटरीचं तिकीट ह्यापेक्षा बरं.

पण मग मला सांगा, सदाशिव पेठेत काय चालू असतं? मी राहतो त्याच्या जवळ, रोज बघतो. सकाळी सहाला अभ्यासिकेच्या दारात चपलांचा ढीग, मेसचा डबा, टपरीवर चहा आणि चालू घडामोडी. लाखो पोरं फॉर्म भरतात आणि जागा निघतात काहीशे. सहा सहा, सात सात वर्षं. त्यातल्या एखाद्याचे आईवडील गावाकडं अभिमानानं सांगतात की आमचा पुण्यात एमपीएससी करतोय. कोल्हापूरच्या तालमीत पण तेच, शंभर पोरं लाल माती अंगाला लावून घेतात, दूध-बदामात घरातली म्हैस आणि वडलांची शेती जिरते, आणि केसरीची गदा एखाद्याच्याच खांद्यावर. तिथं आपण असं नाही म्हणत की किती जण पोचतात. उलट म्हणतो, प्रयत्न तरी केला. म्हणजे आपला आक्षेप जुगाराला नाहीये. ओळखीचा जुगार आपल्याला चालतो, ह्या नवीन जुगाराला अजून चारचौघात सांगण्यासारखं नाव पडलेलं नाही एवढंच.

इथपर्यंत मी भाच्याचा वकील. आता पलटी मारतो.

खेळ वाईट नाही, पोचण्याची शक्यता कमी आहे हे पण मी माफ केलं. माझा प्रॉब्लेम वेगळाच आहे, तो म्हणजे सातबारा. ज्या जमिनीवर तू घर बांधायला निघालास ती जमीन कुणाच्या नावावर आहे?

तारखाच बघा. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजी मोबाईल बॅन केला, सोबत अजून ११७ ऍप. कारण काय तर डेटा, चीन, सुरक्षा. त्यात बरोबर-चूक काय ते बाजूला ठेवा, पण ज्यांनी तेव्हा कॉलेज सोडून हेच धरलं होतं त्यांचं काम एका दुपारच्या बातमीत संपलं. ३० ऑक्टोबरला सर्व्हर पण बंद. जुलै २०२१ ला तोच गेम नाव बदलून बीजीएमआय म्हणून आला. मंडळी परत लागली कामाला. जून-जुलै २०२२ मध्ये तर त्याची स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर दाखवली, म्हणजे ज्या चॅनेलवर कबड्डी-क्रिकेट लागतं तिथं! किती पोरांनी त्या दिवशी वडलांना हाताला धरून टीव्हीपुढं बसवलं असेल, की बघा आता बोला. आणि २८ जुलै २०२२ ला गेम स्टोअरवरनं गायब. टीव्हीवर झळकून महिना होतोय न होतोय तोवर. परत आला थेट दहा महिन्यांनी, मे २०२३ मध्ये. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ ला गेला, सप्टेंबर २०२३ ला धोनीला घेऊन परत येणार म्हणून मोठी जाहिरात झाली आणि ऐनवेळी तारीख पुढं ढकलली. सतरा-अठरा वर्षाच्या पोराच्या हिशोबात दहा महिने म्हणजे केवढा मोठा काळ असतो, आणि ते दहा महिने त्यानं काय करायचं, घरात बसून हवेत बोटं चालवायची?

आता बुद्धिबळ घ्या. तो पण बसूनच खेळायचा खेळ, त्यात पण डोळे जातात, त्यात पण आयुष्य लावतात. जुलै २०२५ मध्ये बटुमीला महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल झाली, नागपूरची दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हंपी. दिव्या १९ वर्षांची, हंपी ३८ ची. हंपी ग्रँडमास्टर झाली २००२ साली, तेव्हा दिव्या जन्माला पण आली नव्हती. मधल्या काळात हंपीनं लग्न केलं, मुलगी झाली, ब्रेक घेतला, परत आली, आणि तिचा घोडा अजून अडीच घरंच चालत होता. कुणी मधल्या काळात अपडेट टाकून उंटाची रेंज कमी केली नव्हती. दिव्या जिंकली तो भाग वेगळा, पण दोघी एकाच खेळात भेटल्या, ही गोष्ट किती मोठी आहे बघा. माझं काऊंटर स्ट्राईक आणि माझ्या भाच्याचा गेम ह्यात आम्ही दोघं भेटूच शकत नाही, माझी वीस वर्षांपूर्वीची सगळी अक्कल त्याच्या मैदानात शून्य. तबला पण तसाच. चाटीवर बसलेलं बोट कुणी काढून घेत नाही, तबला बनवणाऱ्याचं दुकान बंद पडलं म्हणून तुमचा तीनताल बंद पडत नाही.

गेममध्ये मैदान, बॅट, बॉल, नियमाचं पुस्तक आणि अंपायर हे सगळं एकाच कंपनीचं. एखादी बंदूक तू सहा महिने घासून हातात बसवलीस, तिचा रिकॉईल, म्हणजे गोळी सुटताना बसणारा धक्का, तुला झोपेत पण सांभाळता येतो, आणि सोमवारच्या अपडेटमध्ये तिचं डॅमेज कमी. का तर कमी. विचारणार कुणाला? हे एमपीएससीशी जोडून बघा म्हणजे फरक कळेल. आयोगानं वर्णनात्मक पॅटर्न आणायचं ठरवलं, तर २०२३ च्या सुरुवातीला पोरं पुण्यात रस्त्यावर बसली, पुढारी आले, मुख्यमंत्र्यांपर्यंत गेलं, आणि शेवटी आयोगानं ते २०२५ पर्यंत पुढं ढकललं. चांगलं झालं का वाईट ते सोडा, पण बसायला एक रस्ता होता, ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस इथलाच होता, त्याला मतं लागतात. गेमचा पॅटर्न बदलला तर तू सोलला जाऊन उपोषणाला बसणार आहेस का?

आणि हे फक्त मोबाईल गेमचं नाही. युबिसॉफ्टचा द क्रू म्हणून गाड्यांचा गेम होता, २०१४ चा, लोकांनी पैसे मोजून विकत घेतलेला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि गेम संपला, एकट्यानं सुद्धा खेळता येईना कारण तो एकट्याचा भाग पण सर्व्हरवरच चालायचा. त्यावरनं युरोपात लोकांनी मोहीम काढली, दहा लाखाच्या वर सह्या झाल्या, की बाबांनो विकलेला गेम मारू नका. म्हणजे तिकडं पण लोकांना आत्ता आत्ता कळायला लागलंय की आपण जे विकत घेतलं म्हणत होतो ते भाड्यानं होतं, आणि भाडेकरार पण आपण न वाचता 'आय ऍग्री' वर दाबून केलेला.

आता तुम्ही म्हणाल कोरियाचं काय, तिथं लीग ऑफ लेजंड्स खेळणारा फेकर आहे की. आहे, आणि त्याच्यापुढं मी पण हात जोडतो. २०१३ ला सोळा वर्षांचा असताना शाळा सोडून आला, एकच गेम, एकच टीम, आणि सहा वर्ल्ड टायटल, त्यातली पहिली तीन २०१६ पर्यंत आणि मग मधी सहा वर्षं एकही नाही, मग २०२३, २०२४, २०२५ लागोपाठ. सहा वर्षं हरत राहून तिशीच्या तोंडावर परत जिंकणं हे कुठल्याही खेळात थोरच. पण त्याच्या पायाखालची जमीन बघा. तो गेम २००९ पासून एकदाही न थांबता चालू आहे. कोरियात ई-स्पोर्ट्सची, म्हणजे स्पर्धेतल्या गेमिंगची, संघटना २००० सालापासून आहे. आशियाई स्पर्धेत गोल्ड मिळालं तर तिथल्या सक्तीच्या लष्करी नोकरीतनं सूट मिळते आणि फेकर आणि त्याच्या सोबत्यांना २०२३ ला हांगझोला ती मिळाली. म्हणजे तिथं सरकारी कागदावर ह्या खेळाला वजन आहे. आपल्याकडं तीर्थ मेहतानं २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हार्थस्टोन ह्या पत्त्यांच्या गेममध्ये ब्राँझ आणलं, पण ती प्रदर्शनी स्पर्धा असल्यामुळं ते पदकतालिकेत धरलंच गेलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडं दिलं, ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला, त्यात पैशाच्या ऑनलाईन गेमवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता. हे चांगलंच आहे. पण तालमीतल्या पोराला निदान खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून पोलिसात जायची आशा असते, भाच्याचा रँक कुठल्या भरतीत धरतात ते मला अजून तरी दिसलं नाही.

कायद्यावरून आठवलं. आपल्याकडं गेमिंग म्हणलं की अर्ध्या लोकांच्या डोळ्यापुढं रमी येते. ताईच्या शेजारणीला पण तेच वाटतंय, की हा पैसे लावून खेळतो. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळात एका मंत्र्यांचा मोबाईलवरच्या रमीचा व्हिडिओ फिरला, ते म्हणाले मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात स्किप करत होतो, आणि महिना संपता संपता त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं कुठलं तर क्रीडा. मी हे रचून सांगत नाहीये.

व्यसनाचं पण दोन ओळीत सांगतो कारण ताईला खरी भीती तीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर हा आजार म्हणून धरलाय, १ जानेवारी २०२२ पासून लागू. पण त्यात असं कुठं लिहिलेलं नाही की चार तास खेळला की आजारी. ताबा सुटलाय का, बाकी सगळ्याच्या वर गेम गेलाय का, नुकसान दिसत असून पण थांबता येत नाही का, आणि हे साधारण वर्षभर चाललंय का, असं बघतात. बेंगळुरूला निमहान्समध्ये ह्यासाठी २०१४ पासून शट म्हणून क्लिनिक आहे, म्हणजे हा काय आईबापांच्या मनाचा खेळ नाही. पण भाचा जेवायला हाक मारली की येतो, उशिरा येतो, तोंड वाकडं करून येतो, पण येतो. माझं म्हणणं वेगळं आहे. तबला तुम्हाला रात्री साडेअकराला नोटिफिकेशन पाठवत नाही की आज रियाज केला नाहीत, तुमची सात दिवसांची साखळी तुटेल. कॅरम बोर्ड असं म्हणत नाही की सोंगटीला सोनेरी रंग पाहिजे तर ७९९ चा पास घे आणि रविवारच्या आत घे. आजकालच्या फुकटच्या गेममध्ये खेळणाऱ्याच्या शेजारी कायम एक सेल्समन बसलेला असतो, आणि तो पगारी आहे, हुशार आहे, आणि समोरचा बारावीला आहे. छंदाच्या आत बसलेला सेल्समन सांभाळत सांभाळत छंद करता येतो, पण आयुष्य त्याच्या हातात द्यायचं म्हणजे जरा अवघडच.

मग काही लोक शहाणपणानं सांगतात की खेळण्यापेक्षा गेम बनवायला शिक. मी पण सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू. पुण्यातच तर चाललंय सगळं, राजी नावाचा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स म्हणून छोट्या टीमनं २०२० ला काढला, इंडस पण पुण्याच्याच सुपरगेमिंगचा, २०२४ ला आला. अभिमान वाटतो. पण मिसळ खायला आवडते म्हणून कुणी पहाटे चारला उठून कट उकळायचं काम आवडीनं करेल असं नसतंय. बनवणं म्हणजे गणित, चित्रं, कोड आणि गेममधल्या एकाच भिंतीतनं माणूस आरपार का जातोय ते तीन दिवस शोधणं. आणि नोकऱ्यांचं म्हणाल तर २०२३-२४ मध्ये जगभरच्या गेम कंपन्यांनी हजारोंनी माणसं काढली. तेव्हा तो काय राखीव डबा नाहीये की खेळात नाही जमलं तर तिकडं चढू.

ह्यातलं बरंचसं मी भाच्याला त्याच रात्री सांगितलं होतं, सातबारासकट. गच्चीवर बसलो होतो, रात्री बाराला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "मामा, तू ऑफिसात दिवसभर ज्या सॉफ्टवेअरवर काम करतोस ते तुझं आहे का? उद्या कंपनीनं काढलं तर?"

लागलं. मी पंधरा वर्षं एकाच सॉफ्टवेअरवर बसलोय, लायसन कंपनीचं, आणि त्या सॉफ्टवेअरवाल्यानं उद्या दुकान बंद केलं तर माझ्या बायोडाट्यातली अर्धी पानं रद्दी. दाजींची द्राक्षबाग स्वतःच्या सातबाऱ्यावर आहे, आणि एका अवकाळीत तीन वर्षांपूर्वी आडवी झाली. म्हणजे नावावर जमीन असून पण काय झालं? मी जरा वेळ गप्प बसलो. मग म्हणालो की फरक एवढाच आहे, मला इथनं काढलं तर असलंच काम अजून पन्नास ठिकाणी आहे, पगार कमी मिळेल पण हात तेच चालतील. तुझा गेम गेला तर हात पण गेले. तो म्हणाला, "सगळेच नाही जात." आणि त्यानं मोबाईल काढून दाखवला. स्वतःच्या मॅचेसचे मोंटाज करता करता पोरगं एडिटिंग शिकलंय, काइनमास्टरवर, बीटवर कट बरोबर पडतोय, स्लो मोशन कुठं सुरू करायची ते कळतंय. गावातल्या एका फोटोग्राफरला दोन प्रीवेडिंगचे व्हिडिओ करून दिलेत, दीड-दीड हजार मिळाले. आईला सांगितलं नाहीये कारण ती म्हणेल मग गेम सोड आणि हेच कर. मी म्हणलं मी पण नाही सांगत. (ताई हे वाचणार नाही अशी आशा आहे.)

आणि मित्रांवर परत येतो म्हणालो होतो. सायबरमधले आम्ही चौघं, एक शारजाला, एक नाशिकला, एक सांगलीतच आणि मी. दहा-बारा वर्षं दिवाळीच्या फॉरवर्डपलीकडं काही नव्हतं. लॉकडाऊनमध्ये पबजीवर परत भेटलो. रोज रात्री साडेनऊ, शारजावाला दीड तास मागं, त्याची बायको मागनं ओरडतीये, नाशिकवाल्याचं नेट जातंय. खेळायचो कमी. त्यातच एकाचे वडील गेले, तेव्हा त्याला फोनवर काय बोलावं ते कळत नव्हतं, पण त्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी तो आपणहून ऑनलाईन आला आणि गाडी चालवता चालवता वडलांबद्दल बोलत राहिला, आम्ही तिघं मागं बसून ऐकत होतो, कुणी उतरून लूट करायला पण गेलं नाही. ३० ऑक्टोबरला शेवटचे खेळलो. ठरवलं होतं आज तरी जिंकायचं. अठराव्या नंबरवर मेलो. गेम बंद झाला पण पोचिंकी पोलीस पाटील नावाचा आमचा ग्रुप (पोचिंकी म्हणजे पबजीच्या मॅपवरचं एक गाव) अजून चालू आहे, आता त्यावर गुडघेदुखी आणि गृहकर्जाचे रेट.

हे चौघं म्हणजे माझं गेमिंगचं सगळं उत्पन्न, आणि ते मी कशाला पण विकणार नाही. पण आम्ही कुणीच त्या गेमवर पोट भरत नव्हतो, म्हणून गेम बंद झाल्यावर आमचं फार तर एका रात्रीचं दुःख झालं. भाच्याला मी शेवटी एवढंच म्हणलं की खेळ, स्पर्धा खेळ, बारावीनंतर एक वर्ष पाहिजे तर माग, ताईशी मी भांडतो, पण त्या वर्षात रोज एक तास एडिटिंग कर आणि ती पैशाची वही वेगळी ठेव. त्याला ते पटलं का माहीत नाही, "बघू" म्हणाला. आमच्या घरात "बघू" म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये.

मग म्हणाला, "एक मॅच खेळतोस का?" ताईचा फोन घेऊन बसलो त्याच्या शेजारी. पोचिंकीतच उतरलो, जुन्या सवयीनं, आणि खिडकीतून डोकं काढलं तर चाळीस सेकंदात आडवा. त्यानं दोनदा उठवलं मला, तिसऱ्यांदा म्हणाला, "मामा, तू आता बघच फक्त." ताई दारात येऊन उभी राहिलेली मला कळलंच नाही.

"जिंकला का?" तिनं विचारलं.

"अकरावे आलो."

"एवढ्या रातीचं जागून अकरावे?" म्हणाली, आणि बाहेर दाजींना हाक मारायला गेली, कारण ते सोफ्यावरच झोपले होते, आणि टीव्हीवर २०११ ची फायनल परत लागली होती.